पोट्ट्यांना वळण लावण्याची कृती : नवशिक्या गुरुजींसाठी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं, समुपदेशनात अकोला किंवा अमरावती जिल्हा परिषदेची शाळा पदरात पडली, आणि १६,००० रुपये मानधनावर तुम्ही शिक्षणसेवक झालात. अभिनंदन. तुम्ही साताऱ्याचे असा की बीडचे, पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी कळतील. एक, इथं जून संपत आला तरी ऊन संपत नाही. दोन, डी.एड.ला पाठ केलेलं बालमानसशास्त्र आणि दुसरीच्या वर्गातलं पोट्टं यांची अजून भेट झालेली नाही. ती घालून देण्यासाठी ही मार्गदर्शिका.

सुरुवातीलाच एक इशारा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्यावरून स्फूर्ती घेऊन कुणी ‘आठवडाभरात आदर्श वर्ग’ असा उपक्रम जाहीर करू नये. त्या रस्त्याला वळणं फारशी नाहीत, म्हणून ते जमलं.

विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोग लिहायची जी रीत आहे, तीच इथं पाळली आहे : साहित्य, कृती, दक्षता, निरीक्षण. अनुमान गाळलं आहे, कारण ते केंद्रप्रमुख येऊन लिहितात.

साहित्य

एक वर्गखोली. शाळा द्विशिक्षकी असेल तर पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक बैठकीला गेले किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसले की चारही वर्ग तुमच्याकडे. फळा, खडू, पुसायला फडकं. पंखा असतो, तो फिरेल की नाही हे वीजबिलावर. पंचवीस-तीस मुलं, आणि वर दोन-तीन पटावर नसलेली, कारण घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून ताईचं बोट धरून धाकटं भावंडही येतं. त्याला हाकलू नका. पुढच्या वर्षी पट टिकवायला तेच कामी येईल.

छडी. (ही नोंद खोडली आहे.)

का खोडली, ते एकदा नीट वाचून घ्या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून, कलम १७. ‘शारीरिक शिक्षा’ एवढे दोन शब्द वाचून बरेच जण कायदा मिटतात. त्याच कलमात ‘मानसिक त्रास’ हेही शब्द आहेत. म्हणजे अंगठे धरायला लावणं जसं बंद, तसं ‘तुह्या घरात कोनी शाळा पायली काय’ हेही बंद. पहिलं सुटायला एखादं वर्ष पुरतं. दुसरं निवृत्तीपर्यंत सुटत नाही, असेही लोक आहेत. छडी निदान कपाटात ठेवता येते.

प्रवेशाच्या दिवशी एखादा बाप पोराला दंडाला धरून आणेल, तुमच्या टेबलासमोर उभा करेल आणि म्हणेल, “गुर्जी, हाडकं आमचे, कातडं तुमचं. लागन तितकं हाना, पन हा शिकला पायजे.” हे दान घेऊ नये. याची पावती मिळत नाही, आणि देणाराच पुढे सरपंचाला सोबत घेऊन ते परत मागायला येतो. त्यात त्याची चूक नसते. पोराला खरोखर मार बसावा असं त्याच्या मनात कधीच नव्हतं. आपल्या वेळच्या गुरुजींनी आणखी चार छड्या ओढल्या असत्या तर आपण आज नोकरीत असतो, अशी त्याची समजूत आहे. शाळेतून नाव कमी झालं ते छडी कमी पडल्यामुळे की जास्त झाल्यामुळे, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नाही. तुम्हीही पहिल्याच भेटीत विचारू नका. ‘कातडं राहू द्या तुमच्याकडेच, पोरगं तेवढं रोज साडेदहाला पाठवा’ असं हसून सांगा आणि चहा झाल्याशिवाय त्याला सोडू नका. वर्गातल्या वागणुकीवर या चहाचा जेवढा परिणाम होतो, तेवढा भिंतीवरच्या सुविचाराचा होत नाही.

पूर्वतयारी

परिपाठ संपला, हजेरी घ्यायला तुम्ही खुर्चीत टेकलात, की तक्रारी सुरू.

“सर, हा मले चिमटे घेऊन रायला.”

“सर, यानं माही पेन्सिल लपवली.”

“म्याडम, हिनं माह्या जाग्यावर दप्तर ठेवलं.”

“सर, थो मले आईवरून बोलला.”

नवशिका गुरुजी इथंच फसतो. तो न्याय करायला बसतो. साक्षी काढतो, पेन्सिलीवरचे दातांचे ठसे तपासतो, दोन्ही पक्षांना उभं करतो. निकाल लागेपर्यंत मराठीचा तास संपलेला असतो आणि वादी-प्रतिवादी खिडकीजवळ एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे असतात. म्हणून तक्रार दाखल करून घ्यायची, निकाल द्यायचा नाही. तहसील कचेरीतला बाबू अर्ज घेताना करतो तसा चेहरा करावा, पूर्ण ऐकावं आणि एकच विचारावं, “बरं, मग आता काय करायचं म्हणतो?” दहातल्या आठ पोट्ट्यांकडे याचं उत्तर नसतं. त्यांना कुणीतरी ऐकायला हवं होतं, ते झालं. ती जागेवर जाऊन बसतात.

उरलेल्या दोन तक्रारींसाठी मात्र खुर्चीतून उठा. आईवरून दिलेली शिवी पोट्ट्यानं स्वतः शोधलेली नसते. ती त्यानं पारावर, पानठेल्यावर किंवा घरातच ऐकलेली असते, आणि तिचा अर्थ त्याला बहुधा माहीत नसतो. त्याला बाजूला घेऊन बोला, सगळ्यांसमोर नको. आणि जातीवरून कुणी कुणाला बोललं असेल तर हातातलं काम थांबवून तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगा की या वर्गात हे चालणार नाही. या एका बाबतीत मार्गदर्शिकेत कुठलीही गंमत नाही.

आता भिंतीशी बसलेल्या त्या पोराकडे पाहा, ज्याच्याबद्दल तक्रारही येत नाही आणि जे कुणाची तक्रारही घेऊन येत नाही. त्याचं नाव पाठ करा. हजेरीपत्रक न पाहता.

कृती

पहिलं हत्यार टाळी. प्रशिक्षणात तिचे प्रकार शिकवतात. पावसाची टाळी म्हणजे आधी एका बोटानं, मग दोन, मग तीन, असं करत पाचही बोटं आली की पत्र्यावर सर आल्याचा भास होतो. शाळा भरते तेव्हा आकाशात पाऊस नसला तर निदान वर्गात पाडता येतो. अडचण अशी की पोट्टे टाळीला लवकर सरावतात. जूनमध्ये पाढा म्हटला तर टाळी, जुलैमध्ये वही उघडली तर टाळी, आणि पोळ्यापर्यंत वर्गात कुणी शिंकलं तरी पाऊस पडायला लागतो.

शाबासकी कशाची द्यावी याचाही विचार झालेला आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढच्या वेळी सोपे प्रश्न मागू लागली, कारण अवघड चुकलं तर हुशारी जाणार. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं अवघडाकडे वळली. तेव्हा ‘शाब्बास, वाघ आहे माझा’ ऐवजी ‘आज त्यानं ढकललं तरी तू हात उचलला नाही, मी पायलं’ असं म्हणून बघा. पोट्टं आधी चमकेल, मग लाजेल. असं बोलायला तुम्हाला आधी पाहावं मात्र लागेल, आणि वर्गात मोबाइलवर माहिती भरत बसलेल्याला ते जमत नाही.

दुसरं हत्यार तारे. स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी ताऱ्यांचं पाकीट मिळतं. भिंतीवर तक्ता लावायचा, नीट वागलेल्याच्या नावापुढे तारा चिकटवायचा. तक्ता लावण्याआधी १९७३ सालचा एक प्रयोग ऐका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायची मुळातच आवड होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी काढलं, त्यांना मिळालं. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर प्रमाणपत्र ठरवून मिळालेली मुलं चित्रांना बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ देत होती. आवडीच्या कामाची मजुरी दिली, आणि आवड मजुरीवर गेली.

हे कळायला आपल्याला कॅलिफोर्नियाला जायचं कारण नव्हतं. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत कामाला लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. त्यांच्या बालशाळांत मार नव्हता हे सगळे सांगतात. तिथं बक्षीसही नव्हतं, हे कुणी फारसं सांगत नाही. हाताला काम द्या, त्यात मूल रमलं की त्याला वेगळी शिस्त लावावी लागत नाही, असा त्यांचा हिशेब. मारावर बंदीचा कायदा लागू व्हायला २०१० उजाडलं. बक्षिसाला अजून कुणी हात लावलेला नाही, हे स्टेशनरीवाल्यांचं नशीब.

तरी तक्ता लावायचाच असेल, कारण केंद्रप्रमुखांना भिंत भरलेली लागते, तर तारे कुणाला जातात ते महिनाभर बघा. राज्यात १९९७ पासून मूल्यशिक्षण आहे आणि त्यात दहा मूल्यं आहेत. संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा अशी भारदस्त मंडळी त्या यादीत आहेत. वर्गात मात्र तारा मिळतो तो नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा या दोघांनाच, कारण ते दुरून दिसतात. नीटनेटकेपणा म्हणजे इस्त्री आणि वक्तशीरपणा म्हणजे शाळेजवळ घर. ज्याचा गणवेश थोरल्या भावाचा आहे आणि जो शेतातल्या खोपडीतून चिखल तुडवत येतो, त्याच्या नावापुढची ओळ मार्चपर्यंत कोरी राहते. ‘आठवड्याचा आदर्श विद्यार्थी’ म्हणून ज्या मुलीचा फोटो लागतो ती बहुधा अंगणवाडीताईंची किंवा सरपंचांच्या घरची असते. पोरगी खरंच गुणी असते, प्रश्न तो नाही. बाकीच्या चोवीस जणांना ही स्पर्धा आपली नाही हे श्रावणातच कळलेलं असतं.

सरकारचाही एक तारा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल उपस्थिती भत्ता मिळतो. ७५ टक्के हजेरी भरली तर दिवसाला १ रुपया. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला २२० रुपये. योजना १९९२ ची. तेव्हा रुपयाला शेंगदाण्याची पुडी तरी यायची. दिवाळीच्या पुढेमागे पऱ्हाटी फुटली की याच मुलीला आई वेचणीला सोबत नेते, आणि तिथं मजुरी किलोवर मिळते. एका किलोला या रुपयापेक्षा कितीतरी जास्त. नियमित हजेरी ही चांगली वागणूक मानायची, तर शेत आणि शाळा यांच्या लिलावात शाळेची बोली तीस वर्षांहून जास्त काळ एक रुपयावर अडलेली आहे. त्या दिवसांत गैरहजर मुलीला वर्गात उभं करून ‘काहून नाई आली?’ विचारू नका. कारण तिलाही माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

तिसरं हत्यार मॉनिटर. तुम्ही बाहेर गेलात की तो फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहितो. इथं एक जुनी युक्ती सगळे सांगतात : चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्या, वर्गातलं सर्वांत वांड पोट्टं मॉनिटर करा. युक्ती चालते, साधारण चार दिवस. पाचव्या दिवशी त्याचा खिसा बोरांनी आणि चिंचांनी भरलेला असतो आणि फळ्यावर फक्त त्यांची नावं असतात ज्यांच्या बांधावर बोर नाही. मॉनिटर दर आठवड्याला बदला, आणि फळ्यावर नावं लिहायचं काम त्याला देऊच नका. पाण्याची टाकी भरली का, धाकट्यांचे हात धुऊन झाले का, असली कामं द्या. चहाडीचा पगार बंद झाला की पोट्टं बरंच सुधारतं.

मोठ्या शाळांत याच कामाला शालेय मंत्रिमंडळ असतं. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री, क्रीडामंत्री. कुणी रुसू नये म्हणून विस्तार करत करत प्रत्येकाला खातं मिळतं आणि वर्गात विरोधी पक्षच उरत नाही. मुलं राज्याच्या कारभाराचं इतकं बारकाईनं निरीक्षण करतात याचं कौतुक वाटतं.

चौथी कृती सांघिक. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये चौथीच्या एका दंगेखोर वर्गाचे दोन गट केले; जागा सोडली, मध्येच बोललं की त्या गटाच्या नावावर खूण. खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. दंगा कमी झाला आणि हा खेळ पुढे बऱ्याच देशांत गेला. वऱ्हाडात गटांना मोर्णा आणि काटेपूर्णा, किंवा वर्धा आणि पूर्णा अशी नावं द्या, पोट्ट्यांना नद्या तरी पाठ होतील. मात्र ‘दोन्ही जिंकू शकतात’ हे कलम विसरू नका. बरेच गुरुजी नेमकं तेच विसरतात. मग एका जीवामुळे मोर्णा हरते आणि मधल्या सुट्टीत सगळी मोर्णा त्याच्या अंगावर जाते.

पाचव्या कृतीचा शोध इथलाच आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचा. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि समाधी अमरावतीत आहे. गावात शिरले की भाषणाआधी ते खराटा हातात घ्यायचे. स्वतः झाडायला लागायचे. लोक आधी बघत, मग लाजत, मग येऊन हात लावत. रात्री कीर्तन, आणि त्यात बाबा प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. वर्तनबदलाच्या शिबिरात जे तीन दिवसांत सांगतात ते एवढंच : आधी स्वतः कर, मग विचार, उत्तर त्यांना देऊ दे.

शाळेत ही कृती करताना बाबांचा फोटो लावून खराटा मुलांच्या हाती देण्याची पद्धत आहे. तोही नेमका कोणत्या मुलांच्या? सोमवारी बघा, मंगळवारी बघा. वर्ग मुली झाडत असतील आणि मुलगे दारात उभे राहून ‘लवकर करा व’ म्हणत असतील, किंवा संडासाकडे पाण्याची बादली घेऊन जाणारी मुलं नेहमी एकाच वस्तीतली असतील, तर तिथं दहापैकी निदान तीन मूल्यं त्या खराट्याखाली निघून जात आहेत. पाळीचा तक्ता करा आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहा. पहिल्या दिवशी तुम्ही झाडायला लागलात की वर्गात जी शांतता पसरते तशी कुठल्याही टाळीनं पसरत नाही. स्वयंपाकीण काकूही चुलीवरून उठून बघायला येतात.

दक्षता

एक. पोटाकडे लक्ष. प्राथमिकच्या मुलाला पोषण आहारातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. खिचडीचा वास सुटल्यापासून ताटली हातात येईपर्यंतचा अर्धा तास वर्गात सगळ्यांत जास्त मारामाऱ्या होतात. बरेच पोट्टे सकाळी कोरा चहा पिऊन आलेले असतात. त्या अर्ध्या तासात शिस्तीवर भाषण करू नका. गाणं घ्या, गोष्ट सांगा, नाहीतर सरळ काकूंना विचारा, आज थोडं आधी जमेल का. रांगेत कोण कुणाला पुढे जाऊ देतं, कोण धाकट्या भावाला आपल्यातलं वाढतं, हेही तिथंच दिसतं. तारा द्यायची हौस असेल तर तिथं उभं राहून द्या.

दोन. उन्हाकडे लक्ष. उर्वरित महाराष्ट्रापेक्षा विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात आणि उन्हाळ्यात सकाळपाळीत भरतात, ते उगाच नाही. अकोल्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे सहज जातो. मार्चअखेर, पत्र्याच्या खोलीत, दुपारी जो बेशिस्तपणा दिसतो तो मुलांचा समजू नये. तो पत्र्याचा आहे. माठ भरलेला आहे ना ते बघा आणि कडुलिंबाखाली वर्ग घ्या.

तीन. खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नका. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. इथली मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. त्या जिल्ह्यात बसून ‘गणित केलं नाही म्हणून मैदान बंद’ म्हणणं शोभत नाही. शिवाय मैदान बंद केलं की सगळी कबड्डी वर्गात होते.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. तुमची नेमणूक मेळघाटात झाली, धारणी किंवा चिखलदरा तालुक्यात, तर पहिल्याच दिवशी तुम्हाला स्वप्नातला वर्ग मिळेल. मुलं हाताची घडी घालून बसलेली. कुणी बोलत नाही, कुणी तक्रार करत नाही, चिमटे नाहीत, पेन्सिली जागेवर. तुम्ही म्हणाल, वा, ही मार्गदर्शिका लागलीच नाही. तपासणीला आलेले साहेबही शेरा लिहितील, ‘शिस्त उत्तम’. थोडं थांबा. त्या लेकरांच्या घरी कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तुम्ही सकाळपासून जे बोललात त्यातलं हजेरीत घेतलेलं स्वतःचं नावच त्यांना कळलं असण्याची शक्यता आहे, तेही तुम्ही नीट उच्चारलं असेल तर. न समजणारं माणूस गप्प बसतं. तुम्हाला तमिळ सिनेमाला बसवलं तर तुम्हीही शिस्तीतच बसाल. तेव्हा तिथली कृती उलटी करायची. चौथीच्या मुलांकडून कोरकूतले पाणी, भूक, आई, दुखतं, जाऊ का, हे शब्द शिकून घ्या, चुकीचे बोला, हसू द्या. ज्या दिवशी पहिलीतलं पोरगं तुमचा उच्चार दुरुस्त करेल आणि दुसरं त्याला ढकलून तुमच्याकडे काहीतरी गाऱ्हाणं घेऊन येईल, त्या दिवशी वर्ग सुरू झाला असं धरा. दंगा सुरू झाल्याचा आनंद होणारी ही एकमेव जागा.

तसं पाहिलं तर ही सूचना फक्त मेळघाटापुरती नाही. शांत वर्ग आणि चांगला वर्ग या दोन गोष्टी आपल्या खात्यात फार वर्षांपासून एकाच रकान्यात भरल्या जातात.

निरीक्षण

निरीक्षण लिहून ठेवावं लागतं. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, आणि त्यात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची असते. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम आहे. गुरुजीनं वर्षभर मूल पाहावं आणि जे दिसलं ते लिहावं, याहून अधिक काही तिच्यात नाही. पण कल्पना बाजारात आली आणि बाजारानं सोय केली. आता या नोंदींचं तयार पुस्तक मिळतं, आणि शिक्षकांच्या गटावर पीडीएफ फुकट फिरते. ‘इतरांना मदत करतो’, ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’, ‘शालेय नियमांचे पालन करतो’. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक गुरुजी वाचतात आणि दुसरे लिहितात. पाचव्या ओळीनंतर हजेरीक्रमांकही बघावा लागत नाही. आईबापासोबत दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं आणि परत न आलेलं पोरगंही त्या वहीत मार्चपर्यंत उत्साहाने सहभागी होत असतं.

खात्यालाही पुरावा लागतो. २०१६ साली शिक्षकांनी मुलांसोबत सेल्फी काढून खात्याच्या ‘सरल’ पोर्टलवर टाकावी असा आदेश निघाला होता; शिक्षकांनी विरोध केला आणि तो थांबला. मग ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं, फोटो आले, लिंक आली. फोटोत सगळी मुलं हसत असतात, कारण फोटो काढणारा ‘हसा रे’ म्हणालेला असतो. हे सगळं वेळेवर भरा. न भरल्यास नोटीस येते, आणि नोटीस आलेल्या गुरुजीचं स्वतःचं वर्तन दोन दिवस बिघडलेलं राहतं, त्याचे चटके वर्गाला बसतात.

मात्र खात्याच्या वहीखेरीज एक दोनशे पानी वही स्वतःच्या पैशांनी घ्या. प्रत्येक मुलाला चार पानं. महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या पानावर एकच ओळ, पीडीएफमध्ये नसलेली. ‘पाल पाहून ओरडली नाही, तिला खडूनं बाहेर काढलं.’ ‘बुधवारी रडला, बैल विकला म्हणून.’ ‘मारामारी सुरू केली यानंच, पण पट्टी बांधायला पाणीही यानंच आणलं.’ ज्याच्या पानावर दोन महिने ओळ सापडत नाही, त्याला तुम्ही पाहिलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाकावर जाऊन बसा. पालकसभेला त्या कातडं देऊ करणाऱ्या बापाला त्याच्या पोराची ओळ वाचून दाखवा. ‘आमचा पोट्टा असं करते?’ असं विचारून तो ती पुन्हा वाचायला लावेल. घरी गेल्यावर पोट्ट्याला त्या रात्री काय ऐकायला मिळतं, यावर दुसऱ्या दिवशीचा वर्ग बराचसा ठरतो.

शेवटची सूचना फक्त बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्यांसाठी. आंतरजिल्हा बदलीची चर्चा स्टाफरूममध्ये पहिल्याच पगाराच्या दिवशी सुरू होते. घाई करू नका. शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा असतो आणि पहिलीत आलेलं पोट्टं चौथी पास व्हायला चार वर्षं घेतं. निदान ती एक तुकडी पूर्ण करून जा.